दोनदा पेटणारी चूल

शाळेत वीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या मावशी कुणाला घाबरायच्या नाहीत. मुलं दुपारी जेवून पसार होतात, म्हणून हेडमास्तरांनी जेवण शाळा सुटताना ठेवलं. आठ दिवसांत पहिलीचा वर्ग निम्मा रिकामा झाला. घरून उपाशी निघणाऱ्या पोरांना तेवढा वेळ दम निघेना.

मावशी हातातल्या डावासकट ऑफिसात शिरल्या. "साहेब, पोटात कावळे ओरडत असताना तुमचे पाढे पाठ झाले होते का?"

"अहो, पण जेवून पळतात त्याचं काय?"

"त्याच तांदळात दोनदा वाढते. आल्याआल्या पातळ भात, सुटताना घट्ट. चूल मी दोनदा पेटवीन, तुम्ही फक्त घंटा बदला."

हेडमास्तर कुरकुरत तयार झाले. पंधरवड्यात पहिलीच्या बाईंना मुलांना बसवायला जादा सतरंजी मागवावी लागली, आणि सुटेपर्यंत ती भरलेली राहू लागली.

हेडमास्तर स्वतः स्वयंपाकघरात आले. "मावशी, चुकलं माझं. तुमच्यामुळे पोरं परत आली. उद्या सकाळचा भात मी ढवळतो."

मावशींनी डोळे पुसले. "ढवळा की. पण खाली लागला तर पातेलंही तुम्हीच घासायचं."