अनंताची गुटी

त्या सकाळी मी अंगणात सडा टाकत होते. भिंतीपलीकडून माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा आवाज आला. "रम्या, इकडे ये रे. तुही वैनी उठून नाही राह्यली." दोघा भावांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आमचे हे चहाचा कप तसाच ठेवून अनवाणी पळाले. मी मागोमाग पोचले तेव्हा बाई खाटेवर कुशीवर झोपलेली होती... झोपेतच गेली होती. निर्मला तिचं नाव, पण मी लग्न होऊन धामणगाव बढ्याला आले तेव्हापासून तिला बाईच म्हणत आले. माझी थोरली जाऊ.

आता महिना उलटून गेला, पण माझं मन कशात लागत नाही. भाजी चिरायला बसते आणि मध्येच उठते. अंगणात जाते, पुन्हा आत येते. बाई असती तर म्हणाली असती, "काय व शोभा, एका जागी बसत जाय ना." ती स्वतः मात्र कधी एका जागी बसली नाही.

आमच्या सामाईक अंगणात तिने अनंत लावला होता. माहेरून, सोनाळ्याहून आणलेली ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी. आमची माती काळी, चुनखडीची. अनंताला ती मानवत नाही, पानं पिवळी पडतात. बाईने खड्डा खणून त्यात मुरूम आणि कुजलेला पालापाचोळा भरला, बोअरचं पाणी बंद करून पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी साठवून घातलं. अधूनमधून आंबट ताक पाण्यात कालवून ओतायची. सासूबाई कुरकुरायच्या, पण झाड हिरवंगार झालं आणि पांढऱ्या दुपदरी फुलांचा अंगणभर वास सुटला, तेव्हा पहिलं फूल त्यांनीच अंबाड्यात खोवलं.

सासूबाई गेल्यावर विहिरीच्या पाण्यावरून भावाभावांत बिनसलं. शेत वाटलं गेलं, मग घर. अंगणात भिंतीसाठी चुन्याच्या फक्कीची रेघ ओढली, ती नेमकी अनंताच्या बुंध्यावरून गेली. जुनं झाड, उपटून दुसरीकडे लावलं तर जगायचं नाही. गवंडी ठरला होता. बाई घरातून बाहेर आली आणि माझ्या नवऱ्यासमोर उभी राहिली.

"भाऊजी, पोळ्यापर्यंत थांबा."

"एका झाडापाई काम थांबवाव काय वैनी?"

"झाड तोडा ना, मी कुठी नाही म्हणते? पण त्याच्यापासून काही निघू द्या आधी."

भासरे खाटेवर बसून ऐकत होते. दोघांपैकी कोणीच पुढे काही बोललं नाही. बाईने तोच होकार समजला आणि दुसऱ्याच दिवशी गुट्या बांधायला घेतल्या. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची बोटभर साल गोलाकार काढायची, त्यावर ओला काथ्या आणि शेणखत थापायचं, वरून प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळायची. झाडावरच फांदीला मुळ्या फुटतात, मग ती कापून लावता येते. मी फांद्या धरल्या, बाईने बांधल्या. हात चालू होते, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तो पावसाळा कसा गेला, सांगता येत नाही. घरात दोन चुली झाल्या होत्या, पण आम्ही दोघी जावा दिवसभर त्या झाडाभोवतीच घुटमळत असू. मी गुटी दाबून पाहायला गेले की बाई हात झटकायची. "नको चाचपू, कवळ्या मुया तुटतात." आणि मी वळले की स्वतःच वाकून बघायची. एका फांदीची पानं गळली. दुसरी काळी पडली. गवंड्याचे निरोप येत होते, हे चिडत होते, आणि माझ्या मनात येई, सगळ्याच वाळल्या तर...

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाईने मला हाक मारली. नुसतं बोट दाखवलं. प्लास्टिकच्या आतून पांढऱ्या मुळ्या दिसत होत्या. दोनच गुट्या लागल्या होत्या. बाकीच्या गेल्या. एक तिने रेघेच्या त्या बाजूला लावली, दुसरी या बाजूला, माझ्याकडे. मग झाड तोडलं. ती शेवटपर्यंत उभी राहून पाहत होती. पडलेल्या फांदीवर एकच फूल होतं, ते तिने माझ्या केसात घातलं.

भिंत झाली, पण बाईचं बोलणं थांबलं नाही. रोज सकाळी पलीकडून विचारायची, "पानं कशी हायेत व?" माझं रोप पिवळं पडलं तेव्हा भिंतीवरून घमेलंभर पालापाचोळा देत म्हणाली, "हे तुह्या झाडाले." भाऊ बोलत नव्हते, पण त्या पानांच्या निमित्ताने कोणाला ताप आला, कोणाचं लग्न ठरलं, सगळं इकडून तिकडे पोचत राहिलं.

तेराव्यानंतर बुलढाण्याला असणारा पुतण्या उमेश वडलांना म्हणाला, "बाबा, आता बुलढाण्याले चला. एकटे कसे राह्यसान?" भासऱ्यांनी मान हलवली. दोन दिवसांनी ते आमच्या दारात आले. मी डोक्यावरचा पदर सावरला. ते माझ्याशी कधी थेट बोललेले नव्हते. आजही त्यांची नजर जमिनीकडे होती.

"शोभा, ते गुटीचं कसं करते? तिचं झाड तिथं न्यायचं म्हणतो."

मी त्यांच्या अंगणात गेले. आमचे हेही आले. भासऱ्यांनी फांदी धरली, ह्यांनी सुतळी कापून दिली, मी साल काढली. फांदी भासऱ्यांच्या हातात ठरत नव्हती. ह्यांनी खालून आपला हात लावला.

"येतीन का मुया?" भासऱ्यांनी विचारलं.

"पाहू," मी म्हणाले.

अजून काही दिसत नाही. दर रविवारी उमेश त्यांना न्यायला गाडी घेऊन येतो. भासरे पिशवी भरून ठेवतात, एकदा झाडापाशी जाऊन येतात, आणि पिशवी पुन्हा रिकामी करतात.