वीतभर उंच जमीन

मैत्रिणींनो, वाचून झाल्यावर हे पत्र शेजारी द्या.

आज बुधवारी सकाळी साडेनऊला वाचनालयाच्या चिटणीसांनी तिथल्याच आपल्या शिवणवर्गाची नवी लाकडी जमीन उखडायला गडी पाठवला. पावसाळ्यात सिमेंटला ओल सुटते, मुली आजारी पडतात, म्हणून कापडे गावच्या गणू सुताराने वाशांवर फळ्या ठोकल्या होत्या. "खालून वारा खेळला नाय तर फळी कुजंल, बाई," म्हणत त्याने वीतभर पोकळी सोडली.

मागोमाग चिटणीस आले. "बायकांची बैठक शेजारच्या पुरुषांच्या वाचनखोलीपेक्षा उंच? शोभत नाही, बाई."

"मग तुमचीही उंच करा. सुतार इथेच आहे!" मी म्हटले.

तीस वर्षे शिकवताना उभी होते. आता फळ्यांवर बसले आहे. गडी पहार घेऊन परत गेला. उद्या माझ्या जोडीला कोण बसते?

मुलींनी ओलीत का बसावे, हे चिटणीसांनी शनिवारी पाचच्या आत लेखी कळवावे.