मराठी अक्षरांचा कीबोर्ड

कळंबोलीला जुन्या कॉम्प्युटरचं भंगार घेणारे एक काका आहेत. त्यांचा माल रिसायकलिंगच्या कारखान्यात पोचवायला ट्रक मी देतो. मोडके भागही ते पोत्यात हळूच ठेवतात आणि तोंड बांधलं की पोतं थोपटून म्हणतात, "जा बाबा आता."

एकदा ट्रक निघणार तेवढ्यात पनवेलहून एक बाई धापा टाकत आल्या. मुलाने आदल्या दिवशी घरातला कॉम्प्युटर काकांना विकला होता. बाईंना फक्त कीबोर्ड परत हवा होता.

"ह्यांनी माझ्यासाठी त्यावर मराठी अक्षरं चिकटवली होती. आता हे नाहीत."

ड्रायव्हर वैतागला. मीही घड्याळ पाहिलं. काका म्हणाले, "गाडी थांबंल. आमी शोधतो, ताई. तुमी सावलीत बसा."

एकेक पोतं उतरवून त्यांनी ते जमिनीवर मोकळं केलं. दुपार टळली तेव्हा कीबोर्ड सापडला. काका तो शर्टाच्या टोकाने पुसायला लागले आणि एक अक्षर सुटून त्यांच्या बोटाला चिकटलं. त्यांचा चेहरा पडला.

"माज्यामुलं निघालं, ताई."

बाईंनी ते अक्षर घेऊन अंगठ्याने दाबून पुन्हा जागेवर बसवलं.

"ते नेहमीच निघतं," त्या म्हणाल्या. "हेही असंच बसवायचे."