जुन्या फाइलमधली तीन पानं

विद्यापीठामागच्या गल्लीतलं टायपिंगवाल्या मावशींचं दुकान म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर आणि मावशींची जीभ. बावीस वर्षांत आपल्या हातून चूक झाली नाही, हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक घाईत असेल तर दोनदा.

त्या दुपारी शेवटच्या वर्षाची एक मुलगी दारात उभी राहिली ती पांढरीफटक. हातात नोटीस होती. तिच्या प्रोजेक्टमधली तीन पानं दोन वर्षांपूर्वीच्या एका मुलाच्या प्रोजेक्टशी तंतोतंत जुळली होती. तीन वाजता चौकशी. नक्कल ठरली तर वर्ष रद्द. ती पानं मी कधी पाहिलीसुद्धा नाहीत, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

मावशींनी पानं पाहिली आणि लगेच ओळखली. मार्जिन, आकडे, मथळे पुन्हा कोण बसवणार, म्हणून त्या नवं काम कॉम्प्युटरमधल्या जुन्याच फाइलवर टाईप करत. जुनं खोडायचं, नवं भरायचं. त्या मुलाच्या फाइलमधले हे तीन पानांचे तक्ते खोडायचे राहिले होते.

मुलगी रडत चौकशीला पुढे गेली. मावशी प्रिंटरखालच्या गठ्ठ्यातून तिनं टायपिंगला दिलेली हस्तलिखित वही उपसू लागल्या. बाइंडिंग करणारा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, गप्प बस. उद्या काम बंद झालं तर मी काय तुझं तोंड बाइंड करू?"

मावशींनी वही काखोटीला मारली.

चौकशीच्या खोलीबाहेर शिपायानं त्यांना अडवलं. बाहेरच्यांना मनाई आहे, म्हणाला.

"मी कुठली बाहेरची? आत बसलेल्यांपैकी दोघांचे प्रबंध मी टाईप केलेत."

आत अध्यक्षसर पेन्सिल आपटत होते. प्रत्येक वाक्याआधी ते "असं बघा" म्हणत आणि कोणाकडेच बघत नसत. शेजारी मॅडम आणि एक टक्कलवाले सर. समोर मुलगी, मान खाली. मावशींनी वही टेबलावर ठेवली आणि ती तीन पानं आपल्या मशीनमधली आहेत, हिच्या वहीत ती नाहीत, असं सांगून टाकलं.

"असं बघा, ही वही आज सकाळी लिहिलेली नाही कशावरून?"

मावशींनी वही उलटसुलट करून पाहिली. वही त्यांनी फक्त टाईप करण्यापुरती वाचली होती. मग मुलगीच हळूच पुढे झाली आणि तिनं पानं उलटली. प्रत्येक पानाखाली तिच्या मार्गदर्शक सरांची लाल शाईतली सही होती, तारखेसकट. सगळ्या तारखा गेल्या हिवाळ्यातल्या.

पेन्सिल थांबली. टक्कलवाल्या सरांनी विचारलं, "तुम्ही सगळ्यांचंच असं जुन्या फाइलवर करता?"

नाही म्हटलं असतं तर दुकान वाचलं असतं. पण मग ही एकच चूक खरी कोणाला वाटली असती?

"सगळ्यांचंच," मावशी म्हणाल्या. "बावीस वर्षं."

मॅडमनी हातातला पाण्याचा ग्लास न पिताच खाली ठेवला.

नकलेचा आरोप रद्द झाला. मुलीला लेखी समज मिळाली, कारण टाईप झालेलं न वाचताच तिनं 'तपासून पाहिले' म्हणून सही केली होती. आठ दिवसांत प्रोजेक्ट पुन्हा द्यायचा. संध्याकाळी ती मावशींच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि मावशींनी बावीस वर्षांत पहिल्यांदा कोरी फाइल उघडली. मार्जिन बसवायलाच अर्धा तास गेला. भाऊ हसत होता, पण तोंड फिरवून.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर कोणीतरी उभं होतं. चौकशीतल्या मॅडम. काखेत त्यांचा स्वतःचा जाडजूड प्रबंध.

"मावशी," त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "माझी वही आहे का हो अजून त्या गठ्ठ्यात?"