वाळवीनं खाल्लेलं पान

ह्वे शहरात नदी पावसाळ्यात घराघरांत शिरते आणि जाताना कागदाचा लगदा करून जाते. म्हणून टपाल कचेरीत तारा टाइप करण्यात जन्म गेलेल्या थोआबाईंनी निवृत्तीनंतर एक व्रतच घेतलं होतं. बाजारात न मिळणारी जुनी कादंबरी कुठून तरी मिळवायची, अक्षरन् अक्षर टाइप करायची आणि ई-बुक करून फुकट वाटायची. लेखकाची परवानगी घ्यायचं त्यांच्या मनातही येत नसे. लेखक वारलाच असेल, असं त्या धरून चालत.

लेखक ख्येम वारले नव्हते. एका सकाळी काठी टेकत ते दारात उभे राहिले. पुतण्याच्या फोनवर त्यांनी स्वतःचीच कादंबरी वाचली होती. थोआबाईंनी चहा पुढे केला, त्यांनी हात लावला नाही.

“होडीतल्या निरोपाचं पान माझं नाही,” ते म्हणाले. “कुणी लिहिलं?”

थोआबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या प्रतीतलं ते पान वाळवीनं खाल्लं होतं. वाचणाऱ्याचा हिरमोड नको म्हणून त्यांनी ते मनानंच लिहिलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. कबूल करताना त्यांची मान वर होईना.

ख्येमनी आवाज चढवला नाही. त्याचीच बाईंना जास्त धास्ती वाटली.

“छापलेल्या पुस्तकात घुसायची कुणाची छाती झाली नसती, बाई. तुमचं फोनमधलं पुस्तक म्हणजे धर्मशाळा. कुणीही यावं, पथारी पसरावी.”

“आणि छापलेलं उरलंय कुठं, काका? तुमच्याकडे तरी आहे?”

बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यांच्या सगळ्या प्रती पुरात गेल्या होत्या.

थोआबाईंनी वाळवी लागलेली प्रत पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, तुम्ही सांगा, मी आत्ता टाइप करते. ख्येम त्या जाळी झालेल्या कागदाकडे बघत राहिले.

“ती मुलगी होडीतून उतरत नाही, एवढं नक्की. तुम्ही तिला उतरवलंत,” शेवटी ते म्हणाले. “पुढचं आठवत नाही मला.”

त्यांच्यादेखत बाईंनी आपलं पान पुसलं. त्या जागी लिहिलं, की इथलं पान मी घुसडलं होतं, मूळ कुणाकडे असेल तर पाठवा. एवढ्या ओळीसाठी त्यांची सराईत बोटं अडखळत होती. ख्येम निरोप न घेताच गेले.

पुढचे दिवस थोआबाईंनी जीव मुठीत धरून काढले. वाचकांत कुणी त्यांना लबाड म्हणालं, कुणी पुसलेलंच पान परत मागितलं. मग दक्षिणेतल्या एका बाईनं आपल्या छापील प्रतीतल्या पानाचा फोटो पाठवला. थोआबाई तो घेऊन ख्येमच्या घरी गेल्या. अक्षरं मोठी करून दाखवली, तरी म्हाताऱ्यानं वाचा तुम्हीच म्हणून खूण केली.

मूळ पानात ती मुलगी होडीत गप्प बसून राहते, काठाकडे वळून बघतसुद्धा नाही. आपण तिला उगाच रडवलं होतं, हे बाईंना वाचता वाचता उमगलं. ख्येमनी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावलं.

“हे त्या जागी टाका,” ते म्हणाले. “आणि तुमचं काम चालू राहू दे. पण भोक असेल तिथं भोकच ठेवा.”

हातातल्या पुढच्या कादंबरीची सुरुवातच गेलेली होती. थोआबाईंनी दुसऱ्या प्रकरणापासून टाइप करायला घेतलं.