शालंत निघाली बाय माजी

आज सकाळी माझी आत्या गेली.

ज्या गाण्याच्या जोरावर मी शिकले, ते गाणं मी चुकीचं ऐकलं होतं. आत्याला ते माहीत होतं.

आत्या डोंबिवलीजवळच्या आमच्या कोपरची धवलारीण. आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी बाई. "भटाला येल झाला तरी चालंल, मना येल होऊन चालनार नाय," असं म्हणायची. ते खरंही होतं; तिला यायला वेळ झाला तर लग्न खोळंबायचं.

नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. मी पहिलीत असल्यापासून माझ्या वेण्या घालताना रोज एकच धवला.

शालंत निघाली बाय माजी,
पाय टेकंनात भुईला.

आमच्या बोलीत ळ नाही. शाळेला आम्ही शाला म्हणतो, शाळेत म्हणजे शालंत. वर्गात माझ्या तोंडून "शाला" निघालं की मुलं हसायची. घरी तोच शब्द आत्या गायची, म्हणून मला त्याची लाज वाटली नाही.

मला वाटायचं, गाण्यातली मुलगी इतकी आनंदाने शाळेत निघालीय की तिचे पाय जमिनीला लागत नाहीत.

मला वाटायचं, ती मीच.

बारावीनंतर स्थळ आलं. मुलगा चांगला, घर डोंबिवलीतच. बाबा जवळजवळ हो म्हणून बसले होते.

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता बाबांना म्हणाली, "बाला, लगीन कर खुशाल. पन धवला मी गानार नाय."

"अगं ताई, सख्खी आत्या गायली नाय तर गाव काय बोलंल?"

"हेच बोलंल. पोरीची शाला रायलीय म्हनून आत्या गप बसली."

बाबांनी स्थळाला नाही कळवलं. मी कॉलेजला गेले.

शेवटच्या वर्षाला लोकगीतांवर प्रोजेक्ट होतं. मी अर्थातच आत्याचा धवला निवडला. मोबाईलवर रेकॉर्ड केला, शब्द उतरवले, आणि "शालंत"पुढे नीट अर्थ लिहिला: शाळेत.

मग शंका आली. गाणं तर आत्याच्या पणजीच्या वेळचं, असं आत्याच म्हणायची.

"आत्या, तेव्हा आपल्या गावात मुली शाळेत जायच्या?"

"कंची शाला गो?" ती हसायलाच लागली. "शाल. पांघराची शाल."

आणि मग तिने सांगितलं.

कल्याणपर्यंत आगगाडी येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. पणजी नऊ वर्षांची. सासर शहाडला. पाठवणीच्या वेळी ती झोपली होती, म्हणून मामाने शालीत गुंडाळून उचलली आणि बैलगाडीत ठेवली. कल्याणजवळ आगगाडीची शिट्टी झाली तशी दचकून उठली. आजूबाजूला एकही ओळखीचं माणूस नाही.

हा धवला मागे राहिलेल्या तिच्या आईने रचला.

पाय भुईला टेकत नव्हते, कारण तिला उचलून नेत होते.

मी वही मिटली. इतकी वर्षं मी एका आईच्या रडण्यावर नाचत शाळेत गेले होते. खूप राग आला, आत्याचाच.

"मग मला हेच का गायचीस? सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कवा?" मग म्हणाली, "तू पयल्यांदा शालंत गेलीस तवा दारातून अशी धावलीस, तुजं पाय मना दिसलंच नाय. मंग मी दुसरा कंचा गानार? तवापासून मना बी शालाच आयकू येते."

प्रोजेक्टमध्ये मी दोन्ही अर्थ लिहिले. बाईंनी शाळेच्या अर्थाला पुरावा मागितला. मी म्हटलं, पुरावा मीच.

निकाल लागला. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. गावच्या मंडळाने सत्कार केला, शाल आणि नारळ दिला. घरी येऊन मी ती शाल आत्याच्या खांद्यावर टाकली.

तिने ती चाचपून बघितली.

"शालंत गेलीस, शालंत आयलीस," म्हणाली.

शाल तिने कधीच वापरली नाही. "थंडी पडू दे" म्हणत ट्रंकेत ठेवली. आमच्याकडे कसली थंडी.

आज ती ट्रंक मी उघडली. बायका तिला तयार करत होत्या, मी वरून शाल पांघरली. चार जणांनी तिला उचललं.

मयताला धवला गात नाहीत. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. शेजारच्या काकी, ज्यांच्या तिन्ही मुलींची लग्नं आत्याने गायली, त्याही तशाच उभ्या होत्या.

गाता आलं नाही म्हणून इथे लिहिते आहे.

शालंत निघाली बाय माजी,
पाय टेकंनात भुईला.

या वेळी अर्थ लिहीत नाही.

जा आत्या, नीट जा. तुझ्या पणजीला भेटशील तेव्हा तिला सांग, तिच्या गाण्यातली एक मुलगी शिकली.