बिनपंखाच्यांना माफी

वरठीत आमच्या शेजारच्या मावशीची चप्पल सुटली की झुरळ तर मरायचंच, पण पार भंडाऱ्यापर्यंतची कुत्री भुंकायची. झुरळाचं पिल्लू दिसलं की मात्र तिचा वर गेलेला हात तसाच थांबायचा. "पंख नाही त्याच्यावर चप्पल उचलाची नाही," हा तिचा कायदा.

आता पिल्लू कोणतं अन् मोठं कोणतं, हे ओळखायला नजर लागते. मावशी धावत्या झुरळाची पाठ पाहून वय सांगायची. जरा थांबलं असतं तर पत्रिकाही मांडून दिली असती. एकदा ओट्यावर चुन्यासारखं पांढरं काही दिसलं अन् मी ओरडलो, "मावशी, इंग्रजी झुरळ!"

"इंग्रजी कायचं रे बाबू? आत्ताच कात टाकली त्यानं. बस, चहा घे."

चहा झाला, गप्पा लांबल्या, अन् निघताना पाहतो तर गडी चहाच्याच रंगाचा! मावशी सांगत होती : अगदी बारकं ते नुकतं अंड्यातून निघालेलं, दर कातीला अंगानं वाढते, खांद्यावर पंखांचे कोंब दिसले की समजाचं, आता मोठं व्हाले आलं.

"अन् पंख पुरे आले की?"

"मंग चप्पल! पंख आले की आपल्याच तोंडावर उडते."

मावसाजी गेल्यापासून घरात ती एकटी. मुलगा पुण्याला. तरी तिच्या स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "आज उशीर केला बे?" मला वाटायचं, पाहुणे आले. चहाच्या आशेनं मी कितीदा तरी जाऊन आलो, तर पाहुणा म्हणजे ओट्यावरचं एखादं बिनपंखाचं.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली की मुलगा यायचा. गेल्या साली आला, रात्रभर दंडारीचं नाटक पाहिलं, अन् आईचा ओटा पाहून कळवळला. गुणी पोरगा. झुरळांच्या औषधाची नळी आणून फटीफटीत ठिपके लावले. मंडई उठली तसा तोही गेला.

काही दिवसांनी मी डोकावलो. मावशी स्वच्छ ओट्याकडे पाहत बसली होती.

"मोठा तं दरसाली जातेच रे. यंदा लहान्यायलेही घेऊन गेला."

त्या दिवशी चहा मीच मांडला.

उन्हाळ्यात मुलानं तिला पुण्याला नेलं. इतक्या उंच मजल्यावर, की घार खालून जाते म्हणे. रविवारी तिचा फोन आला. "इथं एकही नाही रे. फरशीत आपलंच तोंड दिसते. तुह्या घरी हायेत का?"

माझ्या बायकोच्या घरात मुंगीसुद्धा पाय पुसून येते. पण थापा मारण्यात हयात गेलेला माणूस मी.

"हायेत ना वो! आजच एकानं कात टाकली."

"पांढरा?"

"दुधासारखा."

मावशी हसली. तेव्हापासून दर रविवारी ते झुरळ मी फोनवर वाढवत होतो. तपकिरी केलं, लांब केलं, खांद्यावर कोंबही आणले. पुढं मात्र माझी जीभ रेटेना.

परवा तिनं विचारलंच. "आता पंख आले असतीन ना त्याले?"

"नाही ना वो मावशी. लहानच हाये अजून."

पलीकडे तिनं टीव्ही बंद केला.

"इतके दिवस? लबाडा!" मग आवाज उतरला. "राहू दे. मोठा नको करू त्याले."